मूल दारू पितंय अशी शंका आलीय? पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

माझा मुलगा अकरावीत असताना प्यायला लागला आणि ते माझ्या लक्षात यायला सात महिने लागले. आज तो चोवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो आणि पीत नाही. हे त्याला विचारूनच लिहिते आहे. व्यसनमुक्ती केंद्रातल्या पालकांच्या बैठकीला मी अजूनही जाते. तिथे नवीन आलेली आई किंवा वडील कोपऱ्यात चप्पल काढून अंग चोरून बसतात आणि बैठक संपली की हळूच जवळ येऊन जे विचारतात, तेच प्रश्न इथे आहेत. मी डॉक्टर नाही. उपचारांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांकडून नीट समजून घेतलेलं आहे, पण तुमच्या मुलाला तपासल्याशिवाय त्याच्याबद्दलचा निर्णय कुणीच देऊ शकत नाही, हे धरून वाचा.

काल रात्री तोंडाला वास आला. लगेच जाब विचारू का?

प्यायलेला असताना नको. त्या वेळी तुमचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरत नाही, आणि तुमच्या तोंडून जे निघेल ते मात्र त्याला नेमकं आठवतं. त्या रात्री एवढंच बघा की तो शुद्धीवर आहे ना, श्वास नीट चाललाय ना. कुशीवर झोपवा, अधूनमधून उठून बघा. गाडीची किल्ली उचलून ठेवा.

बोलायचं दुसऱ्या दिवशी, पूर्ण उतरल्यावर. समोर खुर्ची ओढून बसलं की ती उलटतपासणी होते आणि पोरं तोंड मिटून घेतात. आमचं पहिलं खरं बोलणं मटार सोलताना झालं. दोघांच्या नजरा ताटात. मी म्हटलं, "शनिवारी तू पिऊन आला होतास. मला भीती वाटली. काय चाललंय तुझं?" बराच वेळ शेंगा सोलल्याचाच आवाज होता. मग तो म्हणाला, "वर्गात काहीच कळत नाही गं." मी बाटलीबद्दल विचारलं होतं आणि उत्तर फिजिक्सचं आलं. पुढच्या सगळ्या उपचारांचं मूळ त्या एका वाक्यात होतं.

"कुणी शिकवलं?", "कोण कोण होतं?", "पैसे कुठून आणले?" हे प्रश्न पहिल्या दिवशी आवरा. त्यांची उत्तरं मिळतील, पण नंतर.

वयात आल्यावर मुलं चिडचिडी होतातच. मग दारूचं वेगळं कसं ओळखायचं?

एका खुणेवरून नाही ओळखता येत. दार लावून घेणं, उलट बोलणं, उशिरा उठणं हे त्या वयात होतंच. दोन-तीन महिन्यांत बरंच काही एकदम बदललं असेल तर कान टवकारा. जुने मित्र सुटले आणि नव्यांची नावंच घरात येत नाहीत. क्रिकेट, तबला, जे आवडत होतं ते सुटलं. पैसे थोडे थोडे कमी होतात, आधी पाकिटातले, मग देवघरातल्या डब्यातले. घरात शिरल्या शिरल्या थेट बाथरूम. बडीशेप, च्युइंगगम, अंगावर भसाभसा मारलेला परफ्यूम. सोमवारी हमखास डोकं दुखतं. आदल्या रात्रीचं काही आठवत नाही आणि आठवत नाही हे लपवायची धडपड चालते.

माझ्या घरातली खूण मी उलटीच वाचली. क्लासला न्यायची त्याची स्टीलची बाटली होती. जो पोरगा जेवलेलं ताट जागेवरून उचलत नव्हता, तो ती बाटली रोज स्वतः घासून पालथी घालून ठेवायला लागला. मी कौतुकानं बहिणीला फोन करून सांगितलं की आता जबाबदारी कळायला लागली हो त्याला. त्या बाटलीतून तो कोल्ड्रिंकमध्ये मिसळलेली व्होडका नेत होता.

यातल्या बऱ्याच खुणा नैराश्यातही दिसतात, आणि गांजासारख्या दुसऱ्या नशेतही. त्यामुळे खुणा जमल्या की आपण निदान करत बसायचं नाही, तपासून घ्यायचं.

कधीतरी मित्रांबरोबर बसला म्हणजे तो व्यसनी झाला का?

नाही, आणि त्याला तसं म्हणूही नका. पण "कधीतरी" म्हणजे किती आणि कशासाठी, हे बघावं लागतं. बारा ते एकवीस वयाच्या मुलांसाठी डॉक्टर क्राफ्ट नावाची प्रश्नावली वापरतात. तिचा आशय साधा आहे. प्यायलेल्या माणसाच्या गाडीवर तो कधी बसला का, किंवा स्वतः पिऊन चालवली का? बरं वाटावं, टेन्शन जावं, मित्रांत सामावलं जावं म्हणून पितो का? एकटा पितो का? पिऊन काय केलं ते विसरतो का? घरचे किंवा मित्रच त्याला कमी कर म्हणतात का? पिण्यामुळे कुठे अडचणीत सापडला का? दोन किंवा जास्त प्रश्नांना "हो" असेल तर नीट तपासणी हवी. याचा अर्थ दोन "हो" म्हणजे व्यसनी, असा नाही.

मला स्वतःला यातला "एकटा पितो का" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मित्रांबरोबर पिणारं मूल मित्रांसाठी पीत असू शकतं. दुपारी घरी कुणी नसताना एकटं पिणारं मूल काहीतरी विसरायला पितं.

वयाचाही विचार करा. मेंदूचा जो भाग आवर घालतो, पुढचं बघून निर्णय घेतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पंधराव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी दारूवर अवलंबून झालेले आढळले. एकविसाव्या वर्षी किंवा नंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणून "या वयात करतातच सगळे, सुटेल आपोआप" हे वाक्य मला ऐकवत नाही.

बिअरच तर आहे ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात. हिशेब मांडून बघा. व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅम, थोडक्यात चार पेग. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा पेग. मोठ्या माणसाचं यकृतसुद्धा तासाला साधारण एका पेगइतकंच अल्कोहोल निपटतं. पंचेचाळीस किलोच्या, रिकाम्या पोटी बसलेल्या पोराचं काय होत असेल ते सांगायला नको.

आमच्या घरी हे स्वतः पितात. मुलाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आमच्याकडेही शनिवारी दोन पेगची पद्धत होती. समुपदेशक बाईंनी आमच्या ह्यांना एकच विचारलं, "त्याची बंद होईपर्यंत तुमची बंद ठेवाल का?" ह्यांना राग आला. आठ दिवस तो विषयच काढू देईनात. नवव्या दिवशी कपाटातली बाटली त्यांनीच बेसिनमध्ये ओतली, मुलाच्या देखत, काही न बोलता. माझ्या शंभर लेक्चरांपेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला.

"बाहेर पिण्यापेक्षा आमच्यासमोर घेऊ दे" असंही काही घरांत म्हणतात. त्यानं मूल बाहेर प्यायचं थांबतं, असा अनुभव मला बैठकीत एकाही घरानं सांगितलेला नाही. घरातून परवानगी मिळाली, एवढंच त्याला कळतं.

घरात कुणाला मोठं व्यसन असेल तर मुलाचा धोका वाढतो, कारण त्यात आनुवंशिकतेचाही भाग असतो. अशा वेळी दोघांनाही उपचार हवेत.

प्यायल्यावर उठतच नसेल तर?

तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा. हलवून, चिमटा काढूनही जाग येत नाही, श्वास संथ आहे किंवा मध्येच थांबतोय, ओठ निळसर, अंग गार पडलंय, फिट आली, बेशुद्धीत उलटी होतेय, यातलं एकही असलं तरी हॉस्पिटल. रुग्णवाहिका येईपर्यंत कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि जवळून हलू नका. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, घशात बोटं घालून उलटी काढणं, यातलं काहीही करू नका. "झोपला की उतरेल" हेही घातक आहे. झोपेतही पोटातली दारू रक्तात जातच असते, आणि मुलांच्या रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते.

हातभट्टीची किंवा कुठली ते माहीत नसलेली दारू प्यायली असेल आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं, पोटात कळा, धाप असं काही सुरू झालं तर त्यात मिथेनॉल असू शकतं. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत अशाच दारूनं शंभरावर माणसं गेली. काय प्यायला ते डॉक्टरांना खरं सांगा. त्या वेळी अब्रूचा विचार करू नका.

आजपासून एकदम बंद करायला लावली तर चालेल ना?

अधूनमधून पिणाऱ्या मुलाला शारीरिक त्रास सहसा होत नाही. पण रोज, भरपूर, बरेच महिने पीत असेल तर एकदम तोडणं धोक्याचं ठरू शकतं. सहा तासांपासून दिवसभरात हात थरथरणं, घाम, झोप उडणं, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना दोन-तीन दिवसांनी भास होतात, कुठे आहोत हे कळेनासं होतं. यावर औषधं आहेत, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली करायचं असतं. पोराला खोलीत कोंडून "आठवडाभरात सरळ होतो" म्हणणारे एक मामा प्रत्येक घरात असतात. त्यांचं ऐकू नका.

मग न्यायचं कुठे? खर्च किती येईल?

सुरुवात फोननं करा. १४४१६ ही टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन. नाव सांगावं लागेल म्हणून घाबरू नका.

प्रत्यक्ष दाखवायचं तर जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात मनोविकार ओपीडी असते. केसपेपर काढून बसा, गर्दी असते, पण डॉक्टर तपासतात आणि पुढे कुठे जायचं ते सांगतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केलेले आहेत. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नाव ऐकून दचकू नका. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक नावानं समुपदेशन चालतं, दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी. ज्या मुलाला "मी काय वेडा आहे का?" असं वाटतं, त्याला तिथे नेणं सोपं जातं. संस्थांपैकी पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं आणि त्यासाठी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची मदत झाली. फादर ज्यो परेरांचं कृपा फाउंडेशन मुंबईत १९८१ पासून आहे.

बहुतेक मुलांना दाखल करावंच लागत नाही. आठवड्याला समुपदेशन, आईवडिलांच्या बैठका, गरज असेल तर औषध, असं घरी राहूनच होतं. माझ्या मुलाचंही तसंच झालं. मात्र त्याआधी आम्ही एक चूक केली. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं म्हणून एका खासगी केंद्रात त्याला बघायला घेऊन गेलो. ऑफिसमध्ये सोफा, एसी, भिंतीवर सुविचार. ह्यांनी वॉर्ड बघायचा म्हटल्यावर "भेटायला महिनाभर मिळणार नाही, ॲडव्हान्स आज भरा" असं उत्तर आलं. आतून कुणीतरी ओरडत होतं. मुलानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आम्ही तसेच परत फिरलो.

म्हणून दाखल करायचंच ठरलं तर काही गोष्टी आधी विचारा. मनोविकारतज्ज्ञ रोज येतात का? वॉर्ड बघायला मिळेल का? अठराच्या आतल्या मुलांची वेगळी सोय आहे का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित आजारही येतात. त्यानुसार अठराच्या आतल्या मुलाला मोठ्या रुग्णांबरोबर ठेवता येत नाही, दाखल करण्याआधी दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यातले एक मनोविकारतज्ज्ञ असावेच लागतात. पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ मुलाजवळ राहतं. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. "सोडून जा, आम्ही बघतो" म्हणणारं केंद्र मुलासाठी नाहीच. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारांना इतर आजारांसारखंच संरक्षण देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. पॉलिसी काढून वाचा.

तो यायलाच तयार नाही. काय करू?

तुम्ही एकटे जा. खरंच. मी पहिले पाच आठवडे एकटी गेले. बोलायचं कसं, पैसे किती द्यायचे, खोटं कुठे झाकायचं थांबवायचं, हे मला शिकायचं होतं. तोवर मी त्याच्या कॉलेजला "पोटदुखी आहे" असे फोन करत होते आणि त्याच्या चुकांवर पांघरूण घालत होते. ते थांबलं तेव्हा त्याला पहिल्यांदा पिण्याची किंमत कळली. सहाव्या आठवड्यात तो "कोण आहे ती बाई ते बघतो" म्हणून माझ्याबरोबर आला.

अल-ॲनॉन या व्यसनी माणसांच्या नातेवाइकांच्या बैठका असतात, फी नसते, नावं बाहेर जात नाहीत. घरात वडील पितात आणि मूल होरपळतंय, अशा मुलांसाठी अलाटीन आहे.

एक अपवाद. मूल मरणाची भाषा बोलत असेल, हातावर कापून घेत असेल, तर त्याच्या तयारीची वाट बघू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

चहातून, भाजीतून औषध देतात म्हणे. त्याला कळणारही नाही.

करू नका. "न सांगता दारू सोडवा" अशा पुड्यांत काय असतं याची खात्री नसते. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतल्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांनीच द्यायचं असतं. आणि कधीतरी ते मुलाला कळतंच. मग तो तुमच्या हातचा चहासुद्धा पीत नाही.

देवाची शपथ घातली तर?

माळ घातल्यावर दारू सोडलेली माणसं माझ्या माहेरच्या गावात आहेत, आणि वारीला गेलं की त्यांच्याकडे बघून मला भरून येतं. पण त्यांनी ती स्वतःहून घातली, आणि मागे संगत होती, भजन होतं, दर एकादशीला भेटणारी माणसं होती. आईनं रडत रडत पोराचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतलेली शपथ वेगळी. ती मोडली की आता आईला काहीतरी होणार, या भीतीनं तो आणखी पितो. माझ्या मुलानं हे मला नंतर सांगितलं.

मुलगी असेल तर?

सगळं तेच, फक्त घरं ते अजून घट्ट लपवतात, आणि म्हणून मुली उपचाराला उशिरा येतात. वजन तेवढंच असलं तरी मुलींना दारू लवकर चढते. नशेत तिच्यावर कुणी जबरदस्ती केली असेल, ही शक्यता मनात ठेवून, जवळ घेऊन विचारा. तिचं लग्न कसं जमेल हा विचार आज नको.

लोकांना कळलं तर? कॉलेजला सांगायचं का?

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एम्सच्या सर्वेक्षणानुसार देशात १० ते १७ वयोगटातली १.३ टक्के, म्हणजे सुमारे ३० लाख मुलं दारू पितात. तुमच्या सोसायटीतही आणखी एखादं घर असेल, ज्यांना वाटतंय की आपण एकटेच. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे आणि उपचार घेतल्याची नोंद पोलिसांकडे जात नाही. कॉलेजात विश्वासाच्या एका शिक्षकांना सांगितलं तर हजेरीचं, परीक्षेचं सोपं जातं. मात्र मुलाला विचारून. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अक्षरही नको.

त्याला दुकानदारानं दिलीच कशी?

देता येतच नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार पोलिसांकडे किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करता येते. जरूर करा. पण आधी मूल सावरा.

चार महिने बंद होती, परत प्यायला. सगळं वाया गेलं का?

नाही गेलं. केंद्रात याला स्लिप म्हणतात आणि ती बऱ्याच जणांची होते. चार महिन्यांत तो जे शिकला ते पुसलं जात नाही. कुठे घसरला ते शोधायचं. आमच्याकडे गणपतीचं विसर्जन, गटारी, एकतीस डिसेंबर आणि घरातल्या लग्नाची हळद, हे चार दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेले असायचे. त्या दिवशी कुठे असायचं, कुणाबरोबर, किती वाजता निघायचं, हे आधी ठरवायचो.

तरी तो घसरलाच. बारावीच्या निकालाच्या रात्री, जो दिवस आम्ही कॅलेंडरवर लिहिलाच नव्हता. अडीच वाजता बेल वाजली. दार उघडलं तर उंबऱ्यात उभा, खाली मान. मी आत घेतलं, बूट काढले, कुशीवर झोपवलं आणि शेजारी सतरंजी टाकून पडले. सकाळी समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांनी दुपारी चारची वेळ दिली. पावसात बसला गर्दी होती. तो माझी पिशवी धरून उभा होता आणि स्टॉप आल्यावर माझ्याआधी उतरला.